बोलणाऱ्यापुढचा माईक

पावसाळा ओसरून भातकापणीची कामे आटोपत आली, की आपल्या गावांतून सणांचे, लग्नांचे व शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस सुरू होतात. आणि त्याबरोबरच ‘हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन’ हा घोषही गावोगाव ऐकू येऊ लागतो. या सदराच्या वाचकांकडून अलीकडे आम्हांस जी पत्रे आली, त्यांतील तीन याच विषयाची आहेत. एका गावच्या मंडळींनी चर्चसाठी ध्वनिक्षेपकाचा नवा संच घेण्याकरिता घरोघर फिरून वर्गणी जमविली आहे. विक्रेता चार बिनतारी माईक घ्या म्हणून आग्रह धरीत आहे. ते घ्यावेत किंवा कसे, असे ते विचारतात. दुसरे पत्र एका भगिनीचे आहे. मिस्साच्या वेळी वाचन करण्याचे काम त्यांनी मोठ्या हौसेने पत्करले होते. परंतु ‘बाई, तुमचे काहीच ऐकू येत नाही’ हे दोन-तीन रविवार ऐकून घ्यावे लागल्यावर त्यांनी ते सोडून दिले. तिसरे पत्र एका तरुणाचे. वडिलांच्या दफनविधीच्या वेळी त्याने चार शब्द बोलण्याचा प्रयत्न केला, तोच माईकने अशी काही शिट्टी मारली की तो जागीच थबकला. पुढे त्याच्याने बोलवले नाही, आणि जे सांगावयाचे होते ते मनातच राहिले.

तिन्ही पत्रांना उत्तर एकत्रच देतो. मात्र आरंभीच एक गोष्ट सांगून टाकणे बरे. ‘ऐकू आले नाही’ याचा ठपका आपल्याकडे नेहमी बोलणाऱ्याच्या माथी मारला जातो. बोलणारी स्त्री असेल, पोर असेल, किंवा दुःखाने खचलेला मनुष्य असेल, तर अधिकच. आमच्या पाहण्यात असे आले आहे की त्यातला बराचसा दोष माईकच्या निवडीचा, आणि त्याहूनही अधिक तो माईक कोठे व कसा ठेवला याचा असतो. आवाज बारीक असणे हा काही गुन्हा नव्हे.

माईक नव्हते तेव्हा लोक कसे ऐकत असतील, असा प्रश्न मुले आम्हांस विचारतात. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेत, जिचा अभिषेक १६०५ साली झाला, कोरीव लाकडी प्रवचनपीठ आहे. ते मुद्दाम उंचावर बसविलेले असून त्याच्या माथ्यावर छत आहे. असली छते नुसत्या शोभेची नसत. वर उडून जाणारा आवाज ती खाली बसलेल्या भाविकांकडे परतवीत. तेथे उभे राहून धर्मगुरू सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत. घुमटाखाली भरभर बोलणाऱ्याचा एक शब्द दुसऱ्या शब्दावर आदळतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. विजेचा माईक आणि कर्णा सभांतून वापरात आले ते विसाव्या शतकात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९१९ च्या सप्टेंबरात सॅन डिएगो येथे सुमारे पन्नास हजार लोकांपुढे भाषण केले, तेव्हा त्यांच्यासाठी काचेची एक खोली उभारली होती व तिच्यातून त्यांचा आवाज कर्ण्यांवाटे मैदानभर पोहोचविला होता. १९३२ च्या जूनमध्ये डब्लिन येथे आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेस भरली. तेथे रस्तोरस्ती ध्वनिक्षेपक लावले होते आणि फीनिक्स पार्कमधील अखेरच्या मिस्साला लाखो लोक जमले होते.

तरीही आपल्या लहान लहान चर्चमध्ये माईकची खरी निकड भासू लागली ती १९६३ नंतर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या वर्षीच्या ४ डिसेंबरला उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला व उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. तोपर्यंत लॅटिन प्रार्थना धर्मगुरू बहुधा वेदीकडे तोंड करून, पुष्कळदा हलक्या आवाजात म्हणत आणि लोक आपापली जपमाळ किंवा प्रार्थनापुस्तक चालवीत. आता शब्द आपल्या भाषेतला आहे. तो शेवटच्या बाकावरच्या आजीपर्यंत पोहोचला नाही, तर तिच्यापुरता तो उच्चारलाच गेला नाही.

आता माईकची निवड करण्यापूर्वी अंतराचा नियम समजून घ्यावा, कारण बाकी सारे त्याच्यावर उभे आहे. तोंड व माईक यांतील अंतर दुप्पट झाले, की माईकवर पडणारा ध्वनीचा दाब निम्मा होतो. तंत्रज्ञ यालाच सहा डेसिबलची घट म्हणतात. आपल्या जुन्या मापाने सांगावयाचे तर दोन विती म्हणजे एक हात. अर्ध्या वितीवर बोलणारा मनुष्य सरून वीतभर अंतरावर गेला तर दाब निम्मा, आणि हातभर अंतरावर गेला तर चतुर्थांश. मग यंत्रावर बसलेला मुलगा काय करतो? बटण फिरवून आवाज वाढवितो. पण बटणाला वक्ता आणि इतर आवाज यांतील भेद कळत नाही. डोक्यावरचा पंखा, रडणारे मूल, रस्त्यावरचा मालवाहू टेम्पो, हे सारे त्याबरोबर वाढतात. आणखी थोडे वाढविले की शिट्टी.

ही शिट्टी म्हणजे काय? कर्ण्यातून निघालेला आवाज हिंडून पुन्हा माईकमध्ये शिरतो, तेथून वाढून पुन्हा कर्ण्यातून येतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो; आणि क्षणार्धात एखादा स्वर वाढत वाढत किंकाळी फोडतो. शिट्टी ऐकली की माईक हाती धरणारा हटकून एक गोष्ट करतो, ती म्हणजे माईकचे तोंड मुठीत झाकून घेणे. लहान मूल रडू लागल्यावर त्याचे तोंड दाबावे तसे. हा उपाय उलटा आहे. बहुतेक हातातले माईक अशा रीतीने घडविलेले असतात की ते समोरून येणारा आवाज पुरेपूर घेतात, बाजूने येणारा निम्मा घेतात आणि पाठीमागून येणारा जवळजवळ घेतच नाहीत. त्यांच्या ग्रहणक्षेत्राची आकृती कागदावर काढली तर ती हृदयासारखी दिसते; म्हणून त्यांना कार्डिऑइड म्हणतात. पाठीमागचा आवाज टाळण्याची ही युक्ती जाळीच्या मागच्या अंगाने आत शिरणाऱ्या हवेवर अवलंबून असते. जाळी मुठीत धरली की ती वाट बुजते, माईक चोहोकडून ऐकू लागतो आणि शिट्टी दुप्पट जोराने येते. गाणाऱ्या तरुणांना दूरदर्शनवर पाहून अशी मूठ धरण्याची सवय लागली आहे. त्यांना एवढेच सांगावे की दांडा दांड्याच्या जागी धरा.

यावरूनच कर्णे कोठे ठेवावेत हेही कळून येते. कर्णे नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. वक्त्याच्या पाठीशी भिंतीवर टांगलेला कर्णा हा शिट्टीला धाडलेले आमंत्रणच होय. आपल्या कितीतरी चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतीवर, दोन्ही बाजूंना, अगदी समतोल दिसावे म्हणून असे दोन कर्णे बसविलेले आढळतात. समतोल दिसतो खरा.

आता माईकचे प्रकार. दुकानात गेल्यावर नावे पुष्कळ ऐकू येतील, परंतु वक्त्यापुरते पाहिले तर चारच प्रकारांचा विचार पुरे आहे.

पहिला हातातला, तारेचा. याच्या आत पातळ पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटविलेले असते व ते चुंबकाच्या फटीत हलते. त्यातूनच वीज उत्पन्न होते. याला डायनॅमिक म्हणतात. त्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही, तो पडला-झडला तरी सहसा मरत नाही, आणि जवळून बोलल्यावरच नीट ऐकतो, हा त्याचा दोष नसून मोठा गुण आहे. कारण दूरचा गोंगाट तो फारसा घेत नाही. शुअर या अमेरिकन कंपनीचा एसएम-५८ हा या जातीचा प्रसिद्ध नमुना १९६६ सालापासून जवळपास त्याच रूपात विकला जात आहे. ज्या वस्तूला साठ वर्षे कोणी बदलण्याच्या भरीस पडले नाही, ती बरी असली पाहिजे. त्याच्या नकला मात्र बाजारात उदंड आहेत, तेव्हा अधिकृत दुकानातून, पावती घेऊनच खरेदी करावी. आपल्या देशी कंपन्यांचेही या जातीचे चांगले माईक मिळतात व खेड्यातल्या कामाला ते पुरेसे होतात.

दुसरा वाचनपीठावरचा, लवचिक मानेचा. हा बहुधा कंडेन्सर जातीचा असतो. त्यात दोन अतिशय पातळ पृष्ठभाग जवळजवळ ठेवलेले असून एक आवाजाने थरथरतो. तो नाजूक, तीक्ष्ण कानांचा असतो, आणि त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टची वीज पुरवावी लागते. मिक्सरवर त्याचे एक लहानसे बटण असते. ते दाबायचे राहिले म्हणून नवा माईक ‘बिघडला’ ठरवून परत पाठविल्याची उदाहरणे थोडी नाहीत. हा माईक वीत-दीड वीत अंतरावरूनही शब्द नीट उचलतो. म्हणून ज्याला हातात कागद धरून वाचावयाचे आहे त्याच्या तो सोयीचा.

तिसरा कॉलरचा. गेर्हार्ड सेसलर व जेम्स वेस्ट या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत इलेक्ट्रेट नावाच्या माईकचा शोध लावला, त्यामुळेच इतका इवलासा माईक स्वस्तात करता आला. हात मोकळे राहतात, म्हणून धर्मगुरूंना तो प्रिय. पण त्याचे अवगुणही ध्यानात घ्यावेत. तो तोंडापासून वीतभर खाली, छातीवर असतो, म्हणजे अंतराच्या नियमाने आधीच मार खातो. पुष्कळसे कॉलर माईक चोहोकडून ऐकतात. वक्त्याने मान वळविली की आवाज बसतो. वस्त्राची सळसळ, गळ्यातल्या साखळीवरच्या क्रुसाची टकटक, हे सारे शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू येते. तो बंद न करता वस्त्रगृहात गेलेल्या धर्मगुरूंच्या गोष्टी तर प्रत्येक धर्मप्रांतात सांगतात. त्या येथे छापण्याजोग्या नाहीत.

चौथा कानावर अडकवून गालाशी येणारा. तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर तो राहतो, मान कोणीकडेही वळविली तरी अंतर बदलत नाही, आणि म्हणून शिट्टीचे भय सर्वांत कमी. चालता-बोलता शिकविणाऱ्या शिक्षकाला किंवा मुलांच्या शिबिरात बोलणाऱ्याला याच्यासारखा दुसरा नाही. मात्र तो अगदी ओठांसमोर आणू नये, श्वासाचे फुत्कार ऐकू येतात. काही वडीलधाऱ्यांना तो नाटकी वाटतो. त्वचेच्या रंगाचा, बारीक दांडीचा घेतला तर दोन रविवारांनंतर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता वाचन सोडून दिलेल्या भगिनीकडे वळू. त्यांनी लिहिले आहे की वाचनपीठावरचा माईक फादरांच्या उंचीला लावलेला असतो व त्याला हात लावण्याची त्यांची हिंमत होत नाही. येथेच सारे आले. माईक त्यांच्या कपाळाकडे पाहतो आणि त्या बोलतात त्याच्या खालून. त्यात आणखी असे की फादरांच्या भरदार आवाजाला अनुसरून यंत्राची बटणे बसविलेली असतात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारणपणे सेकंदाला शंभर ते दीडशे कंपनांचा, तर स्त्रीचा दोनशेच्या आसपासचा असतो. दोघांच्याही बोलण्यातला अर्थ मात्र मुख्यतः हजार ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यातील व्यंजनांवर चालतो. ‘ताट’ की ‘थाट’, ‘साप’ की ‘शाप’, हे कानाला कळते ते तेथून. तेव्हा जाड स्वरांचे बटण थोडे खाली आणून स्पष्टपणा राखावा. सरसकट आवाज वाढवीत बसल्याने घुमारा तेवढा वाढतो. एक मनुष्य यंत्रापाशी बसवावा. फादर बोलताना काटा कोठे आणि वाचणाऱ्या बाई बोलताना कोठे, यासाठी रंगीत चिकटपट्टीच्या दोन खुणा कराव्यात. एवढे केले की काम संपले.

वाचणाऱ्यांनी स्वतः करावयाचे तेही सांगतो. पीठापाशी येताच, एक शब्दही बोलण्यापूर्वी, माईकची मान धरून ती आपल्या हनुवटीच्या पातळीला आणावी व तोंडाकडे वळवावी. त्यात कसलाही उद्धटपणा नाही. चष्मा पुसून घेण्याइतकीच ती साधी गोष्ट आहे. माईक तोंडाच्या अगदी रेषेत न ठेवता किंचित खाली किंवा बाजूला असावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांबरोबर सुटणारा हवेचा झोत त्याच्यावर आदळत नाही. आपल्या प्रार्थनेत तर पावलोपावली हीच अक्षरे. पिता, पुत्र, पवित्र. नुसती क्रुसाची खूण करता करता तीन धमाके व्हायचे. स्पंजाची टोपी घातली तर ते पुष्कळसे मावळतात. कागद माईकच्या खाली फरफटवू नये, आणि माईकवर टिचक्या मारून किंवा फुंकर घालून तो चालू आहे की नाही हे पाहू नये. फुंकरीने आतल्या पडद्याला इजा होण्याचा संभव असतो, आणि बोलून पाहिले तरी तेच कळते.

ज्या तरुणाला वडिलांविषयी बोलता आले नाही, त्याच्या पत्रातून आम्हांस असे दिसते की दफनभूमीत चाकांची एक पेटी आणली होती. आत बॅटरी, पुढे कर्णा, वर बिनतारी माईक. हल्ली गावोगाव भाड्याने मिळतात त्यांतली. या पेटीत वाईट काही नाही. परंतु तिच्यापुढे उभे राहून तिच्याच माईकमधून बोलले तर ती शिट्टी मारणारच. शोकाकुल मंडळी कबरीभोवती दाटी करतात, पेटी मागे राहते, आणि बोलणारा तिच्यापुढे येतो. पेटी बोलणाऱ्यापासून आठ-दहा फूट पुढे, एका बाजूला, लोकांकडे तोंड करून ठेवावी, म्हणजे तो आपोआप तिच्या मागे येतो. दुसरे असे, की शोकात असलेल्या माणसाच्या हाती माईक देऊ नये. हात थरथरतो, दोन वाक्यांत तो छातीपर्यंत खाली येतो, आणि ‘आवाज वाढवा’ अशी हाक मागून येते. त्याच्यासाठी स्टँड ठेवावा. माईकवर बटण असेल तर ते चालू करून त्यावर चिकटपट्टी लावावी. त्याच्या अगोदर दुसऱ्या कोणी नातेवाइकाने आभाराची दोन वाक्ये त्याच माईकवर बोलावीत, म्हणजे आवाजाचे माप तेव्हाच बसते आणि मुलाला चाचणी देत उभे राहावे लागत नाही. वर्षश्राद्धाचा मिस्सा अजून व्हावयाचा आहे असे त्याने लिहिले आहे. तेव्हा त्याला बोलू द्यावे, अशी त्याच्या गावच्या फादरांना आमची विनंती आहे.

राहिले चार बिनतारी माईक. दुकानदाराचे म्हणणे असे की चार असले म्हणजे कोणीही कोठूनही बोलू शकेल. ते खरेच आहे. पण चारही उघडे राहिले तर काय होते, ते त्याने सांगितलेले दिसत नाही. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्यापूर्वी आवाज जितका वाढविता येतो त्यातून तीन डेसिबल वजा होतात. एकाचे चार केले की सहा. म्हणजे बोलणाऱ्याला माईकपासून दुप्पट दूर उभे केल्यासारखेच झाले! सणाच्या व्यासपीठावर पाहुणे ओळीने बसतात व प्रत्येकापुढे एक-एक माईक मांडला जातो, तेथे हाच प्रकार घडतो. बोलणाऱ्याचा तेवढा चालू आणि बाकीचे बंद, ही शिस्त पाळणारा मनुष्य नसेल तर मधोमध एकच माईक ठेवून पाहुण्यांनी उठून तेथे यावे हे उत्तम. एकाच वक्त्यापुढे दोन माईक शेजारी शेजारी ठेवण्याची हौसही सोडावी. दोघांत आवाज किंचित मागेपुढे पोहोचतो, आणि काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात.

बिनतारी माईक म्हणजे एक लहानसे रेडिओ केंद्रच असते. एकाच लहरीवर दोन माईक चालत नाहीत. स्वस्त संचांत लहर बदलता येत नाही. मग शेजारच्या सभागृहात त्याच लहरीचा माईक असला की तेथील लग्नाचा समारंभ आपल्या मंडपात ऐकू येतो. ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा २०२२ सालच्या लिलावानंतर मोबाईलच्या फाइव्ह-जी सेवेकडे गेला आहे, तेव्हा त्या पट्ट्यातले जुने संच स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे लहान माईक घरगुती कामाला बरे. परंतु त्याच लहरींवर वायफायही चालते, आणि सणाच्या दिवशी मंडपात अशा यंत्रांची दाटी होते. ब्लूटूथवर चालणाऱ्यांत तर बोललेले थोडे उशिराने ऐकू येते, वक्ता अडखळतो. शिवाय सेल. भर प्रवचनात सेल संपण्यासारखी फजिती नाही, आणि तारेच्या माईकला हे दुखणे नाहीच.

म्हणून त्या गावच्या मंडळींना आमचा सल्ला असा आहे. वर्गणीत कोणी काजूच्या पैशातून दिले आहे, कोणी दुधाच्या. तो पैसा दिखाव्यावर जाऊ नये. वाचनपीठासाठी लवचिक मानेचा एक चांगला कंडेन्सर, वेदीवर तसाच एक लहान, गायकवृंदासाठी व सभेसाठी तारेचे दोन डायनॅमिक आणि त्यांचे भक्कम स्टँड. बिनतारी घ्यावयाचा तर एकच, पण लहर बदलता येणारा यूएचएफ पट्ट्यातला. उरलेल्या पैशांतून तीन टाचण्यांच्या टोकाच्या चांगल्या तारा घ्याव्यात. या तारेत आवाज दोन उलटसुलट वाटांनी जातो. वाटेत शिरलेला विजेचा गुणगुणाट दोन्हींवर सारखाच बसतो आणि शेवटी वजाबाकीत नाहीसा होतो. एका जाड टाचणीच्या जुन्या तारा चाळीस-पन्नास फूट नेल्या की मात्र रेडिओसारख्या गुणगुणू लागतात. आणि चर्च लांबट, उंच छताचे असेल तर वर दोन मोठे कर्णे न लावता भिंतींवर थोड्या थोड्या अंतराने लहान, उभे ध्वनिक्षेपक हलक्या आवाजात लावावेत. आवाज लोकांच्या जवळ न्यावा. दगडी भिंतींवर तो दुरून फेकला की परततो आणि पुढच्या शब्दाला गाठतो.

चर्चच्या बाहेर माडीवर लावलेल्या कर्ण्याविषयी एवढेच, की २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई आहे. राज्य सरकार सणांसाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. परवानगी आधी काढावी. गावात आजारी माणसे असतात, परीक्षेची मुले असतात, आणि शेजारी सगळेच आपल्या धर्माचे नसतात.

पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याला संच चर्चमध्ये आणून लावावयास सांगावे, तोही रविवारी, माणसे बसलेली असताना. रिकाम्या चर्चमध्ये घुमणारा आवाज माणसांच्या अंगावरचे कपडे बराचसा शोषून घेतात, त्यामुळे रिकाम्या जागेतली परीक्षा खरी नव्हे. आणि ती परीक्षा ‘हॅलो, हॅलो’ने घेऊ नये, ‘आमच्या बापा’नेही घेऊ नये, कारण पाठ असलेली प्रार्थना अर्धी ऐकू आली तरी मन उरलेली भरून काढते व लोक ‘छान ऐकू येते’ म्हणून मोकळे होतात. कोणालाही ठाऊक नसलेला मजकूर निवडावा. बाजारभाव चालतील, दुसऱ्या गावच्या माणसांची नावे चालतील. तो बारीक आवाजाच्या एखाद्या मुलीने वाचावा. शेवटच्या बाकावर दोन वृद्ध मंडळींना पाटी-पेन्सिल देऊन बसवावे आणि ऐकतील ते लिहावयास सांगावे. निम्मी नावे चुकली तर विक्रेत्याला गाडी परत भरावयास सांगण्यास संकोचू नये. संच पास झाला तर त्याच वेळी सुटे सेल, एक जास्तीची तार आणि स्पंजाच्या दोन टोप्या मागून घ्याव्यात, आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात राहणार नाही एवढे पाहावे.